ऊसतोडीचा हिशेब चुकतो कुठं? उचल घेण्यापासून पट्टा पडेपर्यंत वही धरायची रीत

दर वर्षी मार्च-एप्रिलात साखर कारखान्यांचे पट्टे पडतात, म्हणजे हंगाम संपतो, मुकादमांनी (मजूर नेणाऱ्या ठेकेदारांनी) नेलेल्या ऊसतोड टोळ्या गावाकडं येतात आणि आठ दिवसांत आमच्या ओट्यावर माणसं येऊन बसायला लागतात. हातात चुरगळलेला एखादा कागद, बहुतेक वेळा तोही नाही. "मुकादम म्हनतो तीस हजार अंगावर निघाले. एवढं नीट बघ बरं बाळा." मी विचारतो, खेपा (भरून दिलेल्या उसाच्या गाड्या) किती झाल्या? "लई झाल्या." पावत्या? "त्या मुकादमाकडं." खर्ची (हंगामात हातखर्चाला घेतलेले पैसे) किती घेतली? "दर आठवड्याला घेतच होतो की."

यापुढं मला काहीच करता येत नाही. पाच महिने राबून आलेल्या माणसाला हे सांगताना जीव तुटतो.

आमच्या घरातही हेच झालंय. आई दर खेपेला कोपीच्या, म्हणजे राहत्या झोपडीच्या, मेढीवर (खांबावर) कोयत्यानं एक खाच पाडायची. एका हंगामात खाचा ६१ झाल्या आणि मुकादमाच्या वहीत खेपा निघाल्या ५४. सात खेपा कुठं गेल्या ते आजपर्यंत कळलं नाही. खाचेवर तारीख नसते, वजन नसतं, गाडीचा नंबर नसतो, म्हणून आईचं खरं असूनही धरलं गेलं नाही. त्या वर्षापासून घरातली वही मी धरतो, आणि आता गल्लीतल्या चार-पाच घरांचीही.

आपल्या बीडमधल्या पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, आष्टी, कुठल्याही तालुक्यातल्या ऊसतोड घरात आता एखादं तरी दहावी-बारावी झालेलं लेकरू आहे आणि एक तरी कॅमेऱ्याचा फोन आहे. हा लेख त्या लेकरासाठी आहे. सगळ्यात मोठी चूक क्रमाची होते. हिशेब पट्टा पडल्यावर सुरू करतात, आणि तो सुरू करायचा असतो उचल, म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घ्यायच्या आधी. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमानं दिलेत त्याच क्रमानं करा.

टप्पा १: उचल घेण्याआधी उलटा हिशेब मांडा

मुकादम पावसाळ्यातच दारात येतो. घरात पेरणीचं देणं, लेकीचं लग्न, दवाखाना, काहीतरी असतंच. मग "किती पाहिजेत?" असा प्रश्न येतो आणि आपण गरजेचा आकडा सांगतो. इथं फेडीचा आकडा आधी काढायला हवा. एका कोयत्यानं, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीनं, एका हंगामात किती फिटू शकतं ते असं काढा:

१. टोळीत किती कोयते आहेत आणि दिवसाला साधारण किती टनांची गाडी भरते ते मागच्या हंगामावरून धरा. समजा ८ कोयते आणि २० टन. एका कोयत्याला अडीच टन.

२. त्याला दरानं गुणा. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटनांच्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनाला २७३ चे ३६६ रुपये झाले. तो करार तीन हंगामांसाठी होता. तेव्हा ३६६ हा आकडा मी फक्त गणितासाठी वापरतोय, तुम्ही तुमच्या हंगामाचा आणि तुमच्या कारखान्याचा दर विचारून घ्या. ३६६ नं अडीच टनांचे ९१५ रुपये होतात.

३. हंगामाचे दिवस १२० धरले, तरी कामाचे दिवस १२० धरू नका. गाडी येत नाही, कारखाना बंद पडतो, पाऊस येतो, अंगात ताप असतो. २० दिवस सोडा. १०० दिवसांचे झाले ९१,५०० रुपये.

४. यातून खर्ची वजा करा. आठवड्याला हजार धरले तर १७ आठवड्यांचे १७,००० रुपये. उरले ७४,५००.

म्हणजे या टोळीतल्या जोडीनं एक लाख उचल घेतली, तर एकही खाडा (गैरहजेरी) न करता राबूनसुद्धा २५,५०० अंगावर राहणार, आणि ते उचल घेतानाच ठरलेलं असणार. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जायचं ते त्या पंचवीस हजारांपायी.

उचल घ्यायचीच नाही असं मी म्हणत नाही. ज्याच्या घरात सप्टेंबरात दाणा नाही त्याला तसं सांगायचा मला अधिकार नाही. पण आकडा समोर असला की जास्तीचे वीस-तीस हजार घेताना माणूस थांबतो. कधीकधी तेवढ्यानंही काम भागतं.

*तपासा:* मागची बाकी असेल तर ती या वर्षीच्या उचलीत धरलीय की वेगळी ठेवलीय? मुकादमाच्या तोंडून स्पष्ट ऐका आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हीच रक्कम पुढं दोनदा कापली जाते.

टप्पा २: उचल घेण्याचा दिवस

बॉण्डवर, म्हणजे उचलीच्या करारावर, सही होते तो दिवस गडबडीचा असतो. नोटरीच्या टेबलापुढं रांग, मुकादम घाईत, आपल्याला पैसे हातात पडायची ओढ. त्या घाईत या गोष्टी सोडू नका.

आधी आकडा वाचा, अंकात आणि अक्षरातही. दोन्ही जुळले पाहिजेत आणि हातात मिळालेल्या रकमेशीही जुळले पाहिजेत. ऐंशी हजार देऊन दीड लाखाचा बॉण्ड केलेला मी पाहिलाय. "असू दे, हमी म्हणून लिहिलंय" हे ऐकून घेऊ नका.

मग रक्कम कशाची म्हणून लिहिलीय ते बघा. "ऊसतोडणीच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम" असं असावं. पुष्कळ बॉण्डांत "हातउसने घेतले" असं लिहितात. उद्या वाद झाला तर हातउसने म्हणजे नुसतं कर्ज, त्यात तुमच्या कामाचा उल्लेखच कुठं नाही.

पैसे खात्यावर मागा. रोखच मिळत असतील तर मोजताना साक्षीदार जवळ उभा करा आणि त्याचं नाव वहीत लिहा.

बायकोचं नाव बॉण्डवर आणि वहीत दोन्हीकडं आलं पाहिजे. कोयता दोघांचा असतो, पहाटे चारला ती उठते, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढते, आणि कागदावर नाव एकट्या नवऱ्याचं. हिशेबाला बसताना तिला बाहेर बसवतात ते याच कारणानं. मला ही गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा जास्त खटकते.

तोंडी ठरलेल्या चार गोष्टी तिथंच लिहून घ्या: टनाचा दर, आठवड्याची खर्ची, खाड्याचा दंड किती आणि कधी, आणि जाण्या-येण्याचं भाडं कोणाकडं. आजारपण, बाळंतपण आणि गाडी न येणं यांना खाडा धरायचा नाही, हे आत्ताच बोलून घ्या. फडात गेल्यावर हे बोलायला जागा राहत नाही.

*सावधान:* कोऱ्या बॉण्डवर, कोऱ्या चेकवर किंवा कोऱ्या कागदावर सही-अंगठा करू नका. कोरा चेक म्हणजे उद्या हवा तो आकडा टाकून चेक न वटल्याची केस. आधार कार्ड, पासबुक, एटीएम कार्ड मूळचं देऊ नका. झेरॉक्स दिली तर तिच्यावर "फक्त ऊसतोड करारासाठी" असं आडवं लिहून तारीख टाका.

*तपासा:* बॉण्डच्या प्रत्येक पानाचा फोटो तुमच्या फोनमध्ये आला का? मागची बाजूही काढा. फोटो घरातल्या दुसऱ्या एका नंबरवर लगेच पाठवा, कारण फडात फोन पाण्यात पडतो, हरवतो.

टप्पा ३: निघण्याआधीचा आठवडा

हे हिशेबातलं नाही, पण इथं चुकलं की खर्ची वाढते आणि हिशेब तिथंच ढासळतो.

रेशन कार्डाचं ई-केवायसी झालंय का ते बघा. झालं असेल तर कारखान्याच्या भागातल्या रेशन दुकानातही आधारचा अंगठा लावून धान्य मिळतं, कर्नाटकातही. गावातलं धान्य बुडतं आणि तिकडं उधारीवर किराणा घेतात, हे घरोघरी चालतं.

ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंद करून ग्रामसेवकाकडून ओळखपत्र घ्या. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या योजनांसाठी तेच लागतं. ई-श्रम कार्ड नसेल तर काढा, ते फुकट निघतं.

लेकरं गावात ठेवणार असाल तर शाळेच्या मुख्याध्यापकांकडं हंगामी वसतिगृहासाठी निघण्याआधी नाव द्या. निघून गेल्यावर फोनवरून हे होत नाही. सोबत नेणार असाल तर तिकडच्या शाळेत दाखवायला इथल्या शाळेचं पत्र घ्या.

घरात गरोदर बाई असेल तर तिचं कार्ड आणि आतापर्यंतच्या तपासण्यांचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा.

टप्पा ४: वही आखा

दोनशे पानांची जाड पुठ्ठ्याची वही घ्या. सुट्टे कागद नकोत, डायरीही नको, तिच्यात जागा पुरत नाही. वहीला प्लास्टिकचं कव्हर घाला आणि पेन सुतळीनं वहीलाच बांधा. उसाच्या रसानं पानं चिकटतात, पहाटेच्या दवानं शाई पसरते, म्हणून जेलपेन नको, साधं बॉलपेन. पेन्सिल तर अजिबात नको, कारण खोडता येणारं लिखाण कोणी खरं धरत नाही.

वहीचे चार भाग करा.

पहिली चार-पाच पानं उचलीची: तारीख, रक्कम, कशी मिळाली, साक्षीदार, मागची बाकी, तोंडी ठरलेल्या गोष्टी.

मग अर्धी वही खेपांची. रकाने असे: अनुक्रमांक, तोडीची तारीख, वजनाची तारीख, गाडी नंबर, शेतकऱ्याचं नाव, पावती नंबर, निव्वळ टन, हजर कोयते, आपल्या वाट्याचे टन.

त्यापुढं खर्चीची पानं. आणि शेवटी वीसेक पानं वरकडीची: खाडा, खुशाली (शेतकरी वरून देतो ते), वाढं (उसाचे हिरवे शेंडे), दवाखाना, भाडं.

पानांवर आधीच नंबर टाका. चूक झाली तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा, गिरगटू नका. पान फाडलेली वही कोणी मानत नाही.

टप्पा ५: खेप आणि पावती, रोजच्या रोज

सगळा पैसा इथं आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथंच होतात. म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

क्रम असा ठेवा. गाडी भरून झाली की, ती फडातून हलायच्या आत, गाडीचा नंबर आणि शेतकऱ्याचं नाव लिहा. जमलं तर भरलेल्या गाडीचा फोटो काढा, नंबर प्लेट दिसेल असा. त्याच वेळी त्या दिवशी किती कोयते हजर होते ते लिहा. संध्याकाळी आठवून लिहू म्हणाल तर पाठ टेकल्यावर ते होत नाही, आणि दोन दिवसांनी आठवतही नाही.

गाडी काट्यावर जाते, वजन होतं आणि पावती निघते. ती ड्रायव्हरकडं किंवा मुकादमाकडं येते. मूळ पावती तुम्हाला मिळणार नाही आणि तिच्यासाठी भांडायचीही गरज नाही. तुम्हाला फक्त तिचा फोटो पाहिजे. मागताना आवाज चढवू नका. "तात्या, वही लिहून ठिवायलोय, आजची पावती दावता का? फोटू काढून घेतो." पहिले चार दिवस मुकादम कपाळाला आठ्या घालतो. रोज मागितलं की पाचव्या दिवशी स्वतःच खिशात हात घालतो. खंड पडला तर मात्र परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

पावती मशीनवर छापलेली असते. उन्हात, घामानं आणि खिशात घासून महिन्याभरात तिच्यावरची अक्षरं उडतात. मूळ पावत्यांचा गठ्ठा सांभाळून ठेवलेल्या एका टोळीच्या हातात हंगामाच्या शेवटी नुसते पांढरे कागद उरले होते. फोटो त्याच दिवशी काढा.

पावतीवर तीन वजनं असतात: भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं आणि निव्वळ. वहीत निव्वळ लिहायचं. पण पहिल्यातून दुसरं वजा करून तिसरं येतंय का, हे फोनवर एकदा करून बघा. टिंबाकडंही लक्ष द्या. १९.५०० म्हणजे साडेएकोणीस टन. घाईत १९.०५० लिहिलं की साडेचारशे किलो गेले.

कर्नाटकातल्या कारखान्याला गेलात तर पावती कानडीत असू शकते. पहिल्याच दिवशी चिटबॉयला (तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाला) विचारून कुठला रकाना कशाचा ते एका फोटोवर मराठीत लिहून ठेवा. पुढं रोज तोच फोटो बघून नोंद करता येते.

आता तारखेचा घोळ. गाडी संध्याकाळी भरते, रात्रभर नंबरला उभी राहते आणि वजन होतं दुसऱ्या दिवशी पहाटे. तुमच्या वहीत ५ तारीख, पावतीवर ६. हिशेबाच्या दिवशी "५ तारखेची खेपच नाही" असं सांगतात आणि आपलाच माणूस गोंधळतो. म्हणूनच वर दोन तारखांचे दोन रकाने दिलेत. दोन्ही भरा.

अर्धी भरलेली गाडी दुसऱ्या दिवशी पुरी केली तर ती एकच खेप. पहिल्या दिवशी "अर्धी" असं लिहा, अनुक्रमांक देऊ नका, गाडी पुरी झाल्यावर द्या. दोन टोळ्यांनी मिळून एक गाडी भरली असेल तर कोणी किती रांगा तोडल्या ते दोन्ही टोळ्यांसमोर त्याच वेळी ठरवून लिहा. भावाभावांत भांडणं याच्यावरून झालीत.

वाटा काढायची रीत सोपी आहे. निव्वळ टनांना त्या दिवशी हजर असलेल्या कोयत्यांनी भागायचं. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. समजा १९.५ टनांची खेप, सात जोड्या आणि एक एकटा, म्हणजे साडेसात कोयते. प्रत्येक कोयत्याला २.६ टन, एकट्याला १.३ टन. तुमची जोडी त्या दिवशी आजारी असेल तर तुमच्या रकान्यात शून्य लिहा. स्वतःच्या वहीत खरं लिहिलं तरच दुसऱ्याच्या वहीतलं खोटं दाखवता येतं.

आईच्या त्या सात खेपा याच मापानं, खेपेला अडीच टनांचा वाटा धरून, मी मोजून पाहिल्यात. साडेसतरा टन. ३६६ च्या दरानं ६,४०५ रुपये.

*तपासा, दर रविवारी:* वहीतले अनुक्रमांक आणि फोनमधले पावतीचे फोटो तेवढेच आहेत का? कमी असतील तर त्याच दिवशी ड्रायव्हरला गाठा. आठवडाभरातली पावती त्याच्या टपात सापडते, महिन्यापूर्वीची सापडत नाही.

टप्पा ६: खर्ची, खाडा आणि वरकड

खर्ची घेतली की आकडा लिहा आणि मुकादमाची सही घ्या. सही देत नसेल तर त्याच्यासमोर लिहा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. एकाच आठवड्यात पाचशे-पाचशे दोनदा घेतले तर दोन नोंदी. फोनपेवर आले असतील तर "फोनपे" असं शेजारी लिहा. मुकादमानं किराणा दुकानात उधारी लावून दिली असेल तर दुकानदाराकडून दर आठवड्याला आकडा घ्या. शेवटी एकदम आलेला आकडा कोणालाच तपासता येत नाही.

नवऱ्यानं बाहेरच्या बाहेर खर्ची उचलली आणि घरात सांगितलं नाही, असंही होतं. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण हिशेब न जुळण्याचं ते एक खरं कारण आहे. मुकादमाला सांगून ठेवा की पैसे दोघं असतानाच द्यायचे.

खाड्याला तारीख आणि कारण लिहाच. "गाडी आली नाही" हा खाडा नव्हे. "दवाखाना" असेल तर चिठ्ठीचा फोटो काढा. मुकादमाच्या वहीत नुसत्या फुल्या असतात, आणि दर फुलीमागं दंड. तुमच्या वहीत कारण असेल तर बोलता येतं.

शेतकरी खुशाली म्हणून जे देतो ते टोळीत वाटलं जातं. ते मजुरीत धरू नका आणि मुकादमालाही धरू देऊ नका. वाढं विकून आलेले पैसेही वेगळेच. आणि मुकादमाचं कमिशन कारखाना मजुरीच्या वर देतो, २०२४ च्या करारात ते २० टक्के केलं गेलं. तुमच्या टनाच्या दरातून "कमिशन" म्हणून एक रुपयाही कापला जाऊ नये. कापलेला दिसला तर त्याच दिवशी विचारा.

*सावधान:* अपघात झाला, साप चावला, गाडीवरून कोणी पडलं, तर १०८ ला फोन करून सरकारी दवाखान्यात न्या आणि केसपेपरवर "ऊसतोड करताना" असं लिहून घ्या. "घरी पडला" असं लिहून दिलं की पुढचे सगळे दरवाजे बंद होतात.

टप्पा ७: पंधरवड्याचा मेळ

कारखाना तोडणी-वाहतुकीची बिलं पंधरा दिवसांनी काढतो. मुकादमाकडं त्याचा हिशेब येतो. तुमचा मेळही त्याच तारखांना घाला. फक्त तीन आकडे जुळवायचे: खेपा किती, टन किती, खर्ची किती. अर्धा तास लागतो.

जुळले तर वहीत "इथपर्यंत जुळलं" असं लिहून तारीख टाका आणि मुकादमाची सही घ्या. सही नाही म्हणाला तर त्या पानाचा फोटो त्याच्याच व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि खाली लिहा: "तात्या, १५ तारखेपर्यंत १३ खेपा, आपल्या वाट्याचे साडेबत्तीस टन, खर्ची दोन हजार. काही चुकलं असेल तर सांगा." त्यानं उत्तर दिलं नाही तरी मेसेजवर तारीख-वेळ पडते. तो मेसेज पुसू नका. नवा फोन घेतला तर आधी चॅट उतरवून घ्या.

जुळलं नाही तर फक्त न जुळलेली खेप शोधा, सगळी वही उलगडत बसू नका. बहुतेक वेळा ती तारखेच्या घोळात किंवा दोन टोळ्यांच्या गाडीत सापडते. सगळेच मुकादम लबाड नसतात. पुष्कळ जण स्वतःच कारखान्याच्या आणि वाहतूकदाराच्या उचलीत अडकलेले असतात आणि त्यांची वही कोणीतरी अर्धवट शिकलेला पोरगा लिहीत असतो. पंधरा दिवसांची चूक ते कबूल करतात. पाच महिन्यांची करत नाहीत, कारण तोपर्यंत पैसा वाटून गेलेला असतो.

टप्पा ८: पट्टा पडला, आता शेवटचा हिशेब

पट्टा पडायच्या सुमाराला सगळ्यांना गावाकडची ओढ लागते. सामान गाडीत, लेकरं झोपलेली, आणि मुकादम म्हणतो, "हिशेब गावाकडं करू." तिथंच खेपांची आणि टनांची बेरीज तरी करून घ्या. गावाकडं गेल्यावर ड्रायव्हर भेटत नाही, चिटबॉय भेटत नाही, दुसरी टोळीही भेटत नाही.

बेरीज या क्रमानं करा: एकूण वाट्याचे टन गुणिले दर. त्यातून खर्ची वजा. मग कबूल केलेले खाडेच वजा. जे उरलं ते उचलीशी लावा. उचल फिटून वर पैसे निघत असतील तर कधी मिळणार याची तारीख लिहून घ्या. अंगावर बाकी निघत असेल तर आकडा दोन्ही वह्यांत एकच लिहून दोघांच्या सह्या. करार हंगामाच्या मध्येच झाला असेल तर आधीच्या खेपांचा दरवाढीचा फरक कधी आणि कोणाच्या हातून मिळणार, हेही विचारा. फरक विचारायचं बहुतेक जण विसरतात.

उचल फिटली असेल तर मूळ बॉण्ड आणि चेक परत मागा. "फाडून टाकला" हे चालत नाही, तुमच्या हातात आला पाहिजे. येत नसेल तर "अमुक तारखेच्या बॉण्डची सगळी रक्कम फिटली" असं दोन ओळींचं लिहून सही घ्या. मागच्या वर्षीचा फिटलेला बॉण्ड या वर्षी पुढं आणल्याची प्रकरणं माझ्याकडं दोनदा आलीत.

*तपासा:* हिशेबाला बसताना बायको सोबत आहे का? खेपा तिला जास्त नीट आठवतात.

टप्पा ९: हिशेब मान्य नसेल, किंवा दमदाटी झाली तर

मान्य नसलेल्या हिशेबावर सही करू नका. करायलाच लावली तर सहीच्या वर "खेपांचा हिशेब मान्य नाही" असं लिहा. मग वहीची आणि फोटोंची झेरॉक्स काढा. मूळ वही कोणाच्याही हातात देऊ नका, पोलिसांनी मागितली तरी पोच घेऊनच द्या.

फुकट वकिलासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. फोन १५१००. बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि वेठबिगारीत अडकलेल्याला तिथं उत्पन्नाची अट नाही. बॉण्डवर बायकोचं नाव असेल तर अर्ज तिच्याच नावानं करा.

बाकीसाठी कोणाला अडवून ठेवलं, लेकराला ठेवून घेतलं, किंवा "फिटेपर्यंत दुसरीकडं कामाला जायचं नाही" असं धमकावलं, तर ती पैशाची भानगड राहत नाही. १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलनाच्या कायद्यानं तो गुन्हा आहे. माणूस अडकलेला असेल तर आधी ११२ ला फोन, मग ज्या जिल्ह्यात अडवलंय तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडं किंवा उपविभागीय अधिकाऱ्यांकडं लेखी अर्ज. आपल्या बीड-जालन्याच्या कचेरीत अर्ज टाकून वाट बघत बसणं ही इथली नेहमीची चूक. इथंही एक प्रत द्या, पण माणूस सांगलीत अडकला असेल तर सोडवणार सांगलीचेच अधिकारी.

अर्जात राग लिहू नका. कोण, कुठं, कधीपासून, किती उचल, किती टन, किती खर्ची, आणि आत्ता काय पाहिजे, एवढंच. एका पानात. सोबत बॉण्डचा फोटो, वहीची शेवटची चार पानं आणि पंधरवड्याचे मेसेज जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

वही तीन वर्षं ठेवा, जुन्या बॉण्डसोबत एकाच पिशवीत. आमच्या घरी ती आढ्याला टांगलेली असते, उंदरांपासून लांब. नव्या हंगामाची उचल ठरवायला मुकादम आला की आई आधी ती पिशवी खाली काढायला सांगते, मग चहा ठेवते.